ईश्वरीच्या कपाचा कान

रविवार, संध्याकाळ. कोराडी.

डोकं अजून तापलेलंच आहे.

सकाळी कॉलनीतल्या मुलांना चहाचा कप काढायला शिकवला. टेबलाभोवती गोल बसवलं आणि एकच सांगितलं: बसलात तिथून दिसतं तेवढंच काढा. वीज प्लँटमधली यंत्रांची ड्रॉइंगं मी याच नियमाने वाचते: ज्या बाजूने पाहिलं, त्या बाजूचंच चित्र. मुलांसाठी तो वेगळा का असावा? ईश्वरीच्या जागेवरून कपाचा कान मागे लपला होता. तिने तो काढला नाही. कपाच्या तोंडाची लंबगोल कड मात्र अगदी नेमकी.

मग कॉलनीच्या मंडळाच्या प्रदर्शनासाठी चित्रं निवडायला मंडळाचे सचिव आले. तिला म्हणाले, "काहून वं, कप काढला का गिलास? कान लाव त्याले, मग लावतो भिंतीवर."

"काका, मी बसली तिथून नाही दिसत ना. तुम्ही बसून पाहा."

मुलं हसली. सचिव बसले नाहीत. माझ्याकडे वळले. "मॅडम, एक कान लावाले काय जाते तुमचं?"

मी म्हटलं, कान लागणार नाही. हे चित्र नसेल, तर वर्गातलं एकही मिळणार नाही. सचिव रिकाम्या हातांनी गेले.

बाकीच्या मुलांना यात का ओढलं मी? उद्या त्यांच्या आया विचारतील. एका कानासाठी एवढं? हो, एवढं. आज तो कान काढायला लावला असता, तर पुढच्या वेळी ईश्वरीने कपाआधी माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं.

सगळी चित्रं उद्या माझ्या क्वार्टरच्या बाहेरच्या भिंतीवर लावते. तिचं मधोमध.