बिनदुधाच्या चहाचे आठ दिवस

अहो,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. धाकटीला शाळेतून आणायला जातेय, चारपर्यंत येते.

फ्रिजमधल्या दुधाच्या बाटलीला हात लावू नका. तसे तुम्ही आठ दिवस लावतच नाही म्हणा! बिनदुधाचा चहा पिताय. पित्त झालंय म्हणालात, मी मान डोलावली. पण पित्त झालेला माणूस मूठमूठ खारे दाणे खात नाही. काल तर धाकटीच्या हातातला पेला काढून घेऊन मोरीत ओतलात. म्हणे दूध नासलं. त्याच बाटलीतल्या उरलेल्या दुधाचा मी संध्याकाळी चहा केला. काही फाटला-बिटला नाही.

डेअरीत बाटल्यांवर ‘हार्मोनचं इंजेक्शन न दिलेल्या गाईंचं दूध’ हे लेबल तुम्हीच लावता. तुमच्या शब्दावर आपल्या जिन्यातली सहा घरं हे दूध घेतात. वरच्या मजल्यावरच्या बाईला तर मीच गळ घातली. तिच्या दीड वर्षाच्या पोराला ती हेच पाजते, आणि जिन्यात भेटली की माझे आभार मानते. आज तिची चाहूल लागली तशी मी दार लोटून घेतलं.

नोकरीची धास्ती मलाही कळते. म्हणून काही विचारत नाही. आल्यावर त्याच बाटलीतल्या दुधाचा चहा टाकीन. पहिला घोट तुम्ही घ्यायचा, माझ्यासमोर.

नाही घेतलात, तर मी पायात चपला सरकवून तशीच वर तिच्याकडे जाईन.