बसऱ्याचं रिव्हॉल्व्हर

१७ नोव्हेंबर १९७४, रविवार

सापडलं! शिराळ्याजवळ आकाराम म्हणून शेतकरी आहे, त्याच्या देव्हाऱ्यात जुनं रिव्हॉल्व्हर आहे. पहिल्या महायुद्धात त्याच्या वडिलांनी बसऱ्याहून आणलेलं — विकायचं म्हणतोय.

बायकोला, भामाला, सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "पेशव्यांची कट्यार आणली, ती निघाली गेल्या सालातली. सुलतानाची बंदूक आणली, तिला नळाचा पाइप! आता ह्ये बी खोटं निघालं, तर घरातलं समदं लोखंड भंगारवाल्याला."

कबूल केलं. पंचवीस वर्षं पलटणीत हत्यारं दुरुस्त केलेला हवालदार मी, आणि विकणारे मलाच टोपी घालतात! या वेळी आधी तपासणार, मगच खिशात हात. परवान्याचं नंतर बघू.

१९ नोव्हेंबर

तीन गोष्टी बघायच्या. सगळ्या भागांवर नंबर एकच हवा. घोड्याला काडतुसावर आपटणारी टोचणी हवी. नळीत पीळ हवा, म्हणजे आतल्या फिरत्या खाचा. भामाला हे तीनदा समजावलं. "कळलं वो! पीळ काय, मी घरात रोजच बघती," म्हणाली.

२४ नोव्हेंबर, रविवार

शिराळ्याला जाऊन आलो. लिहायलाही लाज वाटते.

आकारामने रिव्हॉल्व्हर ताटात आणलं, तांबड्या फडक्यात. घरातली सगळी जमलेली, शेजारीही. त्याची म्हातारी आई बनुबाई खांबाला टेकून, मान खाली घालून. आकाराम सांगत होता, "बाबांनी तुर्की सायबाच्या हातातनं हिसकावलं! दर खंडेनवमीला पूजा व्हती."

नंबर छिन्नीने ठोकलेला. टोचणी नाहीच. नळीतून उजेडाकडे बघितलं — आत गुळगुळीत! गावच्या लोहाराचं काम, पण काय कसब! मुठीच्या फळ्या उघडल्या तर आत हळदकुंकवाचे थर, तेलात मुरलेले.

"हवालदार, असली हाय न्हवं?" आकारामची छाती फुगलेली. साऱ्या घराचे डोळे माझ्यावर.

"असली हाय," मीच म्हणालो! गेलेल्या माणसाला त्याच्या पोराबाळांसमोर खोटं कसं पाडायचं?

बनुबाईने तेवढी एकदा मान वर केली. असली म्हटल्यावर घेणं आलंच. घेतलं.

२५ नोव्हेंबर

भामाने स्वतः नळी उजेडाला धरली. मेलो! तिने ते परत फडक्यात गुंडाळून ठेवलं. भंगारवाल्याची हाळी आली की मी उगाच न्हाणीत जातो.

२८ नोव्हेंबर

भामा अजून बोलत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर, सोमवार

बनुबाई एकटीच यष्टीने आली. "तुमाला कळलं हुतं. तरी माझ्या माणसाची अब्रू ठेवलीसा," म्हणाली. खरं रिव्हॉल्व्हर तिने बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत पोरांना देऊन टाकलं होतं. नवरा सरकारची पेन्शन खाणारा, कळलं असतं तर अनर्थ. त्याची दृष्टी गेलेली, म्हणून लोहाराकडून तेवढ्याच वजनाचं दुसरं करवून घेतलं. बत्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही, पोटच्या पोरालाही नाही.

"मालक मरस्तवर त्या खोट्यालाच हात जोडत हुते वो," म्हणाली, आणि भामाचा हात धरून रडली.