थंड अणूंनी मोडलेलं स्थळ

चि. राजेश्वरीस औंधहून हरिबामामाचे आशीर्वाद. यमाईच्या कृपेनं माझा गुडघा सोडून घरात सगळे धडधाकट आहेत. तुझी तब्येत, तिकडचं जेवणखाण आणि तुझे ते गारठलेले अणू कसे आहेत ते कळव. (फोनवर मी बोलायला लागलो की तू हसतेस, म्हणून लिहितो आहे.)

रविवारी कुपवाडहून तुला मागणी घालायला मंडळी आली. मुलगा वीरधवल, बापाच्या कारखान्यात स्वतः लेथवर उभा राहतो. तुझे बाबा गेल्यापासून अशा बैठकीत बोलायचं काम माझ्याकडे. पोहे झाल्यावर मुलाचे वडील नाथाजीराव म्हणाले, "पोरगी परदेशात नेमकं करती काय?"

समोरच्याला कळेपर्यंत सांगायची सवय मला पलटणीत लागली (समोरचा कधीकधी झोपायचा). मी सांगितलं, काही अणू फार एकलकोंडे, आपल्या जागी दुसऱ्याला उभं राहू देत नाहीत. आमची राजेश्वरी त्यांना इतकं गार करते की त्यापुढं हिमालयातली आमची चौकी भट्टी वाटावी. मग उलट्या गिरकीचे दोन-दोन अणू जोडी करतात, आणि सगळ्या जोड्या मिळून कुठंही न अडखळता वाहतात. "म्हंजे लग्नं जमवती म्हणा की," असं म्हणत मुलाच्या आईनं पर्समधून धाकट्या लेकीची पत्रिका काढली.

वीरधवल मात्र नीट ऐकत होता. म्हणाला, "मामा, चुंबक लावून सगळ्यांची गिरकी एकाच बाजूला वळवली तर जोडी फुटंल की." मी म्हणालो, त्यासाठीच तर ती अणूंवर लेसर सोडते. त्यानं प्रत्येकाची गिरकी त्याच्या चालीशी बांधली जाते. उलट दिशांना जाणाऱ्यांच्या गिरक्या मग सारख्या होत नाहीत, आणि जोडी तग धरते.

"म्हंजे दोघं दोन दिशांना गेली तरी संसार टिकतुया व्हय?" नाथाजीरावांनी विचारलं.

"टिकतो."

"आमच्यात न्हाई टिकत. लगीन झालं की तिनं ते सोडून कुपवाडात यायचं."

तुझं घर वसावं असं मलाही फार वाटतं गं. पण पहिल्यांदा जोड्या जमल्या त्या दिवशीचा तुझा फोटो आठवला, जागरणानं सुजलेले डोळे आणि तोंडभर हसू. मी उभा राहून हात जोडले. "आवं, मग आमची पोरगी तुमाला न्हाई जमायची." मंडळी चहा न घेताच उठली.

वेळेवर जेवत जा.

तुझा,
हरिबामामा

ता. क. तुझी आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिला वाटतंय नकार कुपवाडकरांनीच दिला, आणि ती दिवसभर तुझ्या अणूंना शिव्या घालते आहे. खरं काय ते तूच सांग. माझं जेवण तिच्या हातात आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना वीरधवलचा फोन आला. "घरात ठावं न्हाई, पण चुंबकाची ओढ लय वाढली तर लेसरचं बांधणं पुरंल का?" मला उत्तर येईना, म्हणून तुझा नंबर दिला. अणूंपुरतंच बोलायचं, असं त्याला बजावलं आहे. तुला बजावत नाही.