ओढ की सोड

प्रिय भिंगरी,

आधी आनंदाची बातमी सांगून टाकते, नाहीतर एवढं जाड पाकीट बघून तू घाबरायचीस. आज माझ्या तिसरीच्या पोरांनी मैदान मारलं. बत्तीस मुलं, सोळा जोड्या, आणि एकही पडलं नाही. रडलं मात्र एक जण, ती मीच.

मी यंदापासून प्राथमिक शाळेत जिम्नॅस्टिक्स शिकवते, एवढं तुला वाढदिवसाच्या मेसेजमध्ये कळवलं होतं. खरं कौतुक राहूनच गेलं. मी मुलांना तयार कसरती देत नाही. जोड्या लावते आणि सांगते, तुमची रचना तुम्हीच बसवा. सुरुवातीची पोझ, एक कोलांटी, एक उडी, एक तोल, शेवटची पोझ. अट एकच, तोल असा हवा की तो एकट्याला जमताच कामा नये. मग ही मंडळी पोटावर पसरून कागदावर काड्यांची माणसं काढतात, भांडतात, खोडतात, उठून करून बघतात आणि पुन्हा भांडतात. हॉलचा नुसता मासळीबाजार होतो. आपल्या जिम्नॅस्टिक्सच्या सरांनी बघितलं असतं तर शिट्टी फुंकून फुंकून त्यांचे गाल दुखले असते.

माझी लाडकी जोडी म्हणजे टिटवी आणि मुंगी. टिटवीचं तोंड झोपेतही बंद होत नसावं, आणि मुंगी महिन्यातून एखादं वाक्य बोलते. दोघींना कुणी जोडीला घेईना, म्हणून त्या एकमेकींच्या वाट्याला आल्या. त्यांनी तोल निवडला तो नेमका समोरासमोरचा. पायाची बोटं बोटांना भिडवायची, मनगटं धरून मागे झुकायचं, हळूहळू खाली बसायचं आणि एकमेकींना ओढत पुन्हा उभं राहायचं. मी नको म्हणणार होते. का, ते तुला सांगायला नको. पण मुंगीने आपलं महिन्याचं एकुलतं एक वाक्य खर्चून हाच हवा म्हटलं, मग माझी काय टाप!

गेल्या मंगळवारी आमच्या मुख्याध्यापिका दारात उभ्या असतानाच दोघी धपकन आपटल्या. खाली गादी होती, लागलं काही नाही, पण बाईंचा चेहरा पडला. शुक्रवारी मी स्वतः येऊन बघणार, एकही मूल पडलं तर जोडीच्या कसरती बंद आणि गाद्या अडगळीत, असं बजावून त्या गेल्या. हा तास गेला तर मुंगी पुन्हा भिंतीला चिकटून उभी राहणार, हे मला दिसत होतं.

दोघींना समोर बसवून चौकशी केली. टिटवीचं म्हणणं, हिने मध्येच हात सोडले. मुंगी रडकुंडीला आलेली, तिचं म्हणणं, तूच सोड म्हणालीस. टिटवी शपथेवर सांगत होती की ती ओढ म्हणाली. मी त्यांना पुन्हा करायला लावलं आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कान दिला. त्या गलक्यात, त्या उंच छताखाली, ओढ आणि सोड यांत काडीचा फरक कळत नाही गं! एवढासा तो 'स', माणूस धापा टाकत असला की आहे की नाही तेच समजत नाही. आणि मी, त्यांची शिक्षिका, महिनाभर उठताना ओढ आणि उभं राहिल्यावर सोड, हेच दोन शब्द त्यांच्याकडून घोकून घेत होते. मी तिथेच बाकावर बसले. तास संपल्याची घंटा झाली तरी बसूनच होते.

उपाय पोरांनीच काढला. सोड हद्दपार, त्याच्या जागी 'भोपळा'. कारण तो दुसऱ्या कशासारखाच ऐकू येत नाही, असं मुंगी म्हणाली. दोन दिवस हॉलमध्ये भोपळ्यांचं अमाप पीक आलं. आज बाई पुढच्याच खुर्चीत वही घेऊन बसल्या. टिटवी आणि मुंगीचा नंबर शेवटचा. दोघी झुकल्या, खाली बसल्या, टिटवी ओढ म्हणाली, मुंगीने पकड घट्ट केली, आणि दोघी सरळ वर आल्या. मग मुंगीने, हो, मुंगीनेच, भोपळा अशी आरोळी ठोकली की बाई दचकल्या. त्यांना वाटलं, पोरी एकमेकींना शून्य मार्क देताहेत. खुलासा केल्यावर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. गाद्या वाचल्या. वर पुढच्या महिन्यात पालकांसमोर कार्यक्रम करा, असा हुकूम सुटला.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. बावीस वर्षांपूर्वी आपल्या जोडीच्या स्पर्धेच्या फायनलला तू माझ्या मांड्यांवर उभी होतीस, मागे झुकलेली. तोल जाताना तू ओरडलीस आणि मी तुझी मनगटं सोडली. तुझं कोपर मोडलं आणि त्याबरोबर तुझा खेळही संपला. सरांनी विचारल्यावर मी छातीठोकपणे सांगितलं, तीच सोड म्हणाली. तू प्लास्टरकडे बघत फक्त म्हणालीस, म्हणाले असेन. तेवढ्यावर मी इतकी वर्षं निवांत राहिले. पडायला आलेलं माणूस सोड कशाला म्हणेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही, की मी येऊ दिलं नाही, देव जाणे. तू ओढ म्हणाली होतीस. चुकले मी, भिंगरी, मला माफ कर. कार्यक्रमाआधी मुलांना जोडीचा तोल करून दाखवायचा आहे आणि मला माझी जोडीदारीण हवी आहे. कोपर साथ देत नसेल तर नुसती माझ्या शेजारी उभी राहा. येशील? हो म्हण, नाही म्हण, चार शिव्या घाल. या वेळी तू जे म्हणशील ते मी नीट ऐकेन.

तुझीच,
बुरूज