पाचशेवर थांबवलेल्या मुंग्या

सोलापूर,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय जोतिराम,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फोन उचलत नाहीस, मग दुसरं काय करणार? वेळापूरच्या कॉलेजात शिकवतोस आणि पोरं तुला छळतात असं कळलं. ऐकून बरं वाटलं. तुझ्या आईंना नमस्कार. इकडे सगळं ठीक. परवा नव्या पेठेत बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधला आणि पायांचे तुकडे पडले.

आता कामाचं. आपलं पीएचडीचं सॉफ्टवेअर सर सगळ्यांसाठी खुलं करतायत. उजनी धरणाकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी कधी चालवायच्या, हा आपला प्रश्न तुला आठवत असेलच. वीज कमी लागावी आणि रान जास्त भिजावं. एक साधलं की दुसरं सुटतं. मुंग्या वाट शोधतात तसं चांगलं वेळापत्रक शोधणारी तुझी मुंग्यांची पद्धत आणि चांगल्या वेळापत्रकांच्या जोड्या लावून पुढची पिढी काढणारी माझी पिढ्यांची, दोन्ही त्यावर लावल्या आणि तुझी सपशेल आपटली. भर सेमिनारमध्ये आलेख दाखवून मी वर म्हणाले, "मुंग्या दमल्या बहुतेक." सगळे हसले. महिन्याभरात तू पीएचडी सोडलीस.

मुंग्या दमल्या नव्हत्या. किती फेऱ्यांनी थांबायचं तो आकडा मी दोन्ही पद्धतींना पाचशेच दिला होता. पण माझी पद्धत एका दमात शंभर वेळापत्रकं तपासते आणि फेरी एकच मोजते. तुझी एकेक तपासते, एकेक मोजते. म्हणजे मला पन्नास हजार संधी आणि तुला पाचशे. सॉफ्टवेअर खुलं करण्याआधी तपासताना ही चूक सापडली.

नाही जोतिराम, हे शेवटचं वाक्य खोटं आहे. चूक मला दोन वर्षांपूर्वीच सापडली, तू हॉस्टेल सोडलंस त्याच्या चौथ्या दिवशी. या तुलनेवरचा माझा पेपर छापून आला होता, सरांनी विभागात पेढे वाटले होते. मी फाइल बंद केली आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

गेल्या महिन्यात मोजमापं घ्यायला धरणाकाठी गेले. मोटारी सांभाळणाऱ्या महिपतीमामांच्या खोलीत तुझ्या हातचं वेळापत्रक अजून भिंतीला चिकटवलेलं. "मामा, हे जुनं झालं, माझं लावा," असं मी म्हणालेसुद्धा.

"न्हाय बाई," ते म्हणाले. "तुमचं बी लावून बगितलं की. रान भिजतंय, पर मोटर लई तापती. जोतिरामचं लावल्यापास्नं एकदा बी जळाली न्हाय."

येताना एसटीत मी रडले. शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पेपर मागं घ्यायचा." तसं मी संपादकांना कळवलं. माझी पदवी लांबली. पण किती हलकं वाटतंय म्हणून सांगू. दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

मग दोन्ही पद्धतींना सारख्याच पन्नास हजार संधी देऊन तीस वेळा चालवलं. वीज वाचवण्यात तुझी पुढे, रान भिजवण्यात माझी. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही जातायत, तुझ्या पद्धतीवर तुझं नाव घालून. सर म्हणाले, "जोतिरामची पीएचडीची जागा अजून आहे." यायचं की नाही ते तुझं तू ठरव.

त्या थट्टेची आणि त्यानंतरच्या गप्प बसण्याची माफी मागते. माफ केलं नाहीस तरी तक्रार नाही.

तुला न हरवताच जिंकलेली,
शिवलीला