चौथ्या ओळीतला सूर्यास्त

आगर, डहाणू
१५ सप्टेंबर १९६५

ती. गोविंदराव यांस,
साष्टांग नमस्कार.

आपल्या शाळेमागच्या खाडीवर देवजीचा बाप शंख फुंकायचा, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. (भरती आली, एवढाच त्याचा अर्थ, पण वर्गातली कविता तिथेच अडायची आणि माझ्या बाकावरचा देवजी खिडकीतून पसार.) आपला दमा कसा आहे? नर्मदाताईचे गुडघे?

लढाई सुरू झाल्यापासून गावाने किनाऱ्यासाठी शीघ्र पथक काढले आहे. होडीतून येऊन दहा मिनिटांत जमिनीवर चाल करणारे! वाडीवाले आठ, मच्छीमार चार, बंदुका बांबूच्या, पुढच्या चालीसाठी वाडीतल्या जिव्याची बैलगाडी. नावाडी अर्थात देवजी. प्रात्यक्षिकाची वेळ ठरवायचे काम माझ्याकडे आले, आणि मी स्वागतगीत आधीच रचून बसलो होतो. त्याच्या चौथ्या ओळीत वीर लाटांवरून उतरतात आणि मागे सूर्य बुडतो. म्हणून सायंकाळी सहा.

देवजी म्हणाला, "मास्तर, पुनव हाय. सहाला पाणी लांब हटलेलं असंल. होडी चिखलात बसंल." त्यावर मी सगळ्यांदेखत म्हणालो, "दुसरीत नापास झालेल्याने मला वेळ शिकवू नये." तरी सहाला तो होडी घेऊन आला.

होडी पाव मैलावरच बसली. वीर उतरले ते थेट मांडीपर्यंत. मी गीत म्हणत सामोरा गेलो, तर उजवी वहाण चिखलाने गिळली. सोडवायला धाडलेली बैलगाडीही रुतली. पथक धड पाण्यात नाही, धड जमिनीवर नाही. हिरकणी मासळीवाली काठावरून ओरडली, "मास्तर, दुश्मनाला कळवा, भरतीला ये म्हनावं!" सारा गाव हसला. देवजी हसला नाही. फळ्या टाकून त्याने एकेकाला ओढून काढले, मला सर्वांत शेवटी, आणि मान फिरवून गेला. दहा मिनिटांच्या पथकाला अडीच तास लागले.

त्याला आज पाच दिवस झाले. पन्नास वर्षांत आमचे बोलणे इतके कधी थांबले नव्हते. दोनदा त्याच्या अंगणापर्यंत जाऊन परतलो. जन्मभर शब्द जमवले, आणि नेमके दोन हवे होते ते सापडेनात.

आपला,
वासुदेव

ता. क. नाशिकची माडीवरची खोली रिकामी असल्यास दिवाळीपर्यंत येऊन राहीन म्हणतो. पत्र खरे त्यासाठीच. ताईला हवापालट म्हणून सांगावे.

ता. क. दुसरा. खोलीचे तूर्त राहू द्यावे. दारात देवजी उभा आहे. हातात माझी उजवी वहाण, धुतलेली. म्हणतो, "मास्तर, उद्या चारला भरती हाय. तुझा सूर्य जरा वर घे."