दोनातला एक खोटा

सोमवार, सकाळी ७.१०
ही वही आजपासून फक्त शास्त्रीय नोंदींसाठी. इलेक्ट्रिक बाइकच्या डिस्प्लेवर ४९.३ व्होल्ट. हा आकडा खोटा आहे, असा माझा पहिल्या दिवसापासूनचा संशय. कंपनीवाले मुद्दाम कमी दाखवतात, म्हणजे बावळट गिऱ्हाईक घाबरून नवी बॅटरी घेतं. मी त्यातला नाही.
शुक्रवारी बायकोची सुपरवायझर होण्याची परीक्षा. तीन वर्षं वाट बघतेय. केंद्र एकतीस किलोमीटरवर, साडेनऊला गेट बंद. टॅक्सी सांगून ठेवू का, असं विचारत होती. मी असताना टॅक्सी! नुसता हसलो.

सोमवार, संध्याकाळ
मेव्हण्याच्या माळ्यावरून मल्टिमीटर आणला. सात वर्षं धूळ खात पडला होता. त्या माणसाला टेबलफॅनचा प्लग नीट लावता येत नाही, मीटर काय वापरणार?
लाल वायर प्लसला, काळी मायनसला. आकडा ५४.१! बॅटरीच्या स्टिकरवर लिहिलंय, फुल चार्ज म्हणजे ५४.६. म्हणजे चार्जिंगची गरजच नाही. शिवाय मीटरच्या कोपऱ्यात बॅटरीचं छोटंसं चित्र लुकलुकत होतं. आपण बॅटरी मोजतोय, हे त्याला आपोआप कळतं. मेव्हण्यापेक्षा हुशार.

मंगळवार
ऑफिसला जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. डिस्प्ले ४८.२. माझा मीटर ५४.४.
चालवून बॅटरी वाढली! माझा हात हलका आहे, ब्रेक कमी मारतो, त्याचाच परिणाम. बायको चालवते तेव्हा कधी वाढत नाही. तिला हे सांगितलं. ती पुस्तकातून वर न बघता हं म्हणाली.

बुधवार
मेकॅनिकच्या तोंडावर दोन्ही आकडे फेकले. तो पंक्चर काढत होता. म्हणाला, दोनातला एक खोटा आहे, तिसऱ्या मीटरशी ताडून बघा. स्वतःचा मीटर काढायला उठलाही. मी नको म्हटलं. हाताला ग्रीस, नखं काळी, आणि निघाला माझी आकडेवारी तपासायला!

गुरुवार, संध्याकाळी ७.३०
बायकोने परस्पर चार्जर लावला. डिस्प्लेवर एकच काडी उरलीय म्हणे. माझा मीटर: ५५.०. स्टिकरच्याही वर! आणखी चार्ज केली तर घर उडेल. ती आत अभ्यासाला बसल्यावर हळूच प्लग काढला आणि चार्जर कपाटावर ठेवला. ती बाहेर येऊन विचारून गेली, चार्जिंग झालं का. फुल आहे म्हटलं. यात खोटं काहीच नाही.

शुक्रवार, सकाळी ८.४०
पुलाचा चढ. बाइक बंद. मीटर लावला: ५५.२. गाडी बंद आहे पण बॅटरी उत्तम आहे, हे बायकोला आकड्यासकट समजावलं. ती येणाऱ्या प्रत्येक टेम्पोला हात करत होती. शास्त्राशी काही देणंघेणं नाही.

शुक्रवार, दुपार
भाजीच्या टेम्पोतून ती ९.४१ ला पोचली. गेट बंद. वॉचमनने आत सोडलं नाही. पुढची परीक्षा दोन वर्षांनी.

शनिवार
बाइक ढकलत मेकॅनिककडे नेली. त्याने आधी माझा मल्टिमीटर उघडला आणि आतली चौकोनी बॅटरी बदलली. लुकलुकणारं चित्र गेलं. आकडा ४१.८. मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की तो जास्त दाखवतो, ते चित्र त्याचंच रडगाणं होतं, असं म्हणाला. बाइकचा डिस्प्ले अगदी बरोबर. तो हसला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, संध्याकाळ
बायकोने आज एवढंच विचारलं, गुरुवारी चार्जर कोणी काढला. मी तिला मीटरच्या चौकोनी बॅटरीचं सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. ती मध्येच उठली, कपाटावरचा चार्जर काढून तिने बाइकला लावला. मग खुर्ची आणून प्लगसमोर बसली. सोमवारी तिला त्याच जुन्या कामावर जायचंय, तेव्हा चार्जिंग होईपर्यंत इथून हलणार नाही म्हणाली.
मी थोडा वेळ बसू का विचारलं. नको म्हणाली.